मुकादमाच्या तोंडून बोलणारी कंपनी

गोव्यात 'एजंट' हा शब्द कानावर पडला की डोळ्यांसमोर ठरावीक माणसे उभी राहतात. पोर्तुगीज पासपोर्ट काढून देणारा एजंट, बोटीवर नोकरी लावून देणारा एजंट आणि किनारपट्टीतल्या जमिनी दिल्लीवाल्यांना दाखवत फिरणारा एजंट. यांपैकी एकाशीही ज्याचा संबंध आला नाही असा गोमंतकीय शोधून सापडणे कठीण. म्हणूनच गेल्या डिसेंबरात बडोद्याला गेलो असता "मामा, माझ्याकडे अकरा एजंट कामाला आहेत" असे भाच्याने अभिमानाने सांगितले तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. म्हटले, पोरगा कुठल्या धंद्यात पडला!

भाचा म्हणजे माझ्या मावसबहिणीचा मुलगा. बहीण लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला तीस-बत्तीस वर्षे झाली. घर अकोट्यात. दांडिया बाजारातून निघून विश्वामित्रीवरचा पूल ओलांडायचा, पुलावर सौर पॅनेलांचे छतच घातले आहे, त्याच्या सावलीतून पलीकडे उतरले की अकोटा लागतो. घराच्या माडीवर भाच्याची खोली. एक टेबल, दोन पडदे, एक खुर्ची. एवढीच त्याची कंपनी. दंतवैद्यांच्या दवाखान्यांसाठी तो सॉफ्टवेअर पुरवतो. रुग्णांच्या वेळा, आठवणीचे निरोप, बिले, औषधांचा साठा. तीनेकशे दवाखाने त्याचे गिऱ्हाईक आहेत आणि माणूस म्हणाल तर हा एकटा.

मग ते अकरा एजंट कोण? ती माणसे नव्हेत. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे ते प्रोग्राम. त्यांना काम सांगायचे, ते कसे करायचे हे सांगायची गरज नाही. काम ऐकले की ते स्वतःच त्याचे टप्पे पाडतात, फायली उघडून वाचतात, कोड लिहितात, चालवून बघतात, चुकले तर पुन्हा लिहितात. एक गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरे देतो, एक बिलांच्या मागे लागतो, एक जाहिरातीचा मजकूर तयार करतो आणि एक बाकीच्यांवर देखरेख ठेवतो. रात्री भाचा झोपतो तेव्हाही ते चालूच. सकाळी उठून हा चहा घेता घेता रात्रीचा अहवाल वाचतो.

मला कौतुक वाटले हे आधीच कबूल करतो. पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला नवे काही सोसवत नाही. तसे नाही. हा मुलगा बंगळूरला गेला नाही, कॅनडाला गेला नाही. कोणा सावकाराच्या दारात उभा राहिला नाही. आईच्या हातचे जेवून, स्वतःच्या घरात बसून त्याने उद्योग उभा केला. आमच्या गोव्यातली पोरे बोटीवर नाहीतर लंडनच्या गोदामात जाऊन राबतात, त्यांना हे जमले तर मी तिसवाडीपासून काणकोणपर्यंत पेढे वाटीन. माझे भांडण यंत्राशी नाही. ते 'एकट्याने उभारली' या दोन शब्दांतल्या पहिल्या शब्दाशी आहे, आणि तेच मी त्याच्याशी त्या रात्री भांडलो.

या 'एकट्या'चे सध्या जगभर फार कौतुक चालले आहे. ओपनएआयच्या सॅम ऑल्टमनने २०२४ साली एका मुलाखतीत सांगितले की त्याच्या उद्योजक मित्रांच्या गटात पैज लागली आहे, एकाच माणसाची शंभर कोटी डॉलर किमतीची पहिली कंपनी कोणत्या वर्षी उभी राहील यावर. तेव्हापासून 'सोलो फाउंडर' हा नवा अवतारपुरुष झाला. भाच्याच्या तोंडी सतत एक उदाहरण होते. माओर श्लोमो या इस्रायली तरुणाने एकट्याने 'बेस फॉर्टीफोर' नावाची कंपनी काढली आणि सहा महिन्यांत, जून २०२५ मध्ये, ती 'विक्स' या कंपनीला आठ कोटी डॉलरला विकली.

खरे आहे. पण विक्रीच्या वेळी त्या 'एकट्याच्या' कंपनीत आठ कर्मचारी होते. आठ कोटींपैकी अडीच कोटी डॉलर त्यांना टिकवून धरण्यासाठी बाजूला ठेवले गेले, हेही त्याच बातम्यांत होते. म्हणजे विकत घेणाऱ्याला पक्के ठाऊक होते की माल कोणाच्या हातात आहे. श्लोमोने ही गोष्ट लपवली असे मी म्हणत नाही. पण गोष्ट सांगणाऱ्यांनी आठजण गाळले आणि एक ठेवला. माझ्या भाच्यापर्यंत अकोट्यात पोहोचला तो हा एकच.

आणि गंमत अशी की ही गाळणी कशी चालते हे अकोट्याइतके चांगले कुठे कळणार नाही! १९५१ साली इथे जमिनीत जैन मूर्तींचा साठा सापडला. अकोटा म्हणजे जुने अंकोट्टक. अडुसष्ट ब्राँझच्या वस्तू, काही पाचव्या-सहाव्या शतकाइतक्या जुन्या. उमाकांत शहांनी त्यांच्यावर १९५९ साली ग्रंथ लिहिला आणि 'अकोटा ब्राँझेस' हे नाव जगभरच्या अभ्यासकांना माहीत झाले. काही मूर्तींवर लेख आहेत. जीवंतस्वामींच्या एका मूर्तीवर ती अर्पण करणाऱ्या नागीश्वरी या श्राविकेचे नाव आहे. देणाऱ्याचे नाव, गुरूचे नाव, कुळाचे नाव. मूर्ती ओतणाऱ्याचे नाव मात्र शोधावे तर मिळत नाही. मेणाची आकृती कोणी केली, तिच्यावर मातीचा लेप कोणी चढवला, भट्टीचा भाता कोणी फुंकला, तापलेला रस कोणी ओतला, काही पत्ता नाही. चवरी ढाळणाऱ्या त्या स्त्रीचा कमरेतला बाक ज्याच्या बोटांतून उतरला तो ओतारी जमिनीत गेला तो गेलाच.

नागीश्वरीवर माझा राग नाही. तिने 'मी दिली' असे म्हटले, 'मी एकटीने घडवली' असे म्हटले नाही. आजचा सोलो फाउंडर तिच्या एक पायरी पुढे गेला आहे. तो म्हणतो, ओतारी नव्हताच!

होता की. ज्या यंत्राला आपण बुद्धिमान म्हणतो ते शिकले कशावर? लाखो माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर, फुकट वाटलेल्या कोडवर, रात्री जागून एकमेकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांवर. शिकल्यावर त्याला सभ्य कोणी केले? जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम'ने छापले की ओपनएआयसाठी केनियातले कामगार तासाला दोन डॉलरहूनही कमी पैशांत हिंसेचे आणि अत्याचाराचे किळसवाणे मजकूर वाचून त्यांवर खुणा करत होते, यंत्राला ते ओळखता यावेत म्हणून. या सगळ्यांचे हात त्या अकरा एजंटांच्या पोटात आहेत. पगारपत्रकात नाव नाही एवढ्यावरून माणूस नाहीसा होत नाही.

भाचा म्हणाला, "मामा, असे म्हणाल तर कोणीच कधी काही एकट्याने केले नाही." मी म्हटले, बरोबर! आता जरा तुझ्याच गावचे उदाहरण घे. सयाजीरावांच्या बडोद्यात १८९० साली कलाभवन निघाले. तिथे शिकलेला एक विद्यार्थी पुढे भारतीय सिनेमाचा जनक झाला. दादासाहेब फाळके. कथा त्यांची, कॅमेरा त्यांचा, दिग्दर्शन त्यांचे, विम्याची पॉलिसी गहाण टाकून उभे केलेले पैसेही त्यांचे. आजच्या भाषेत अस्सल सोलो फाउंडर. पण १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या फिल्मला भोके कोण पाडत होते? सरस्वतीबाई. रसायने कोण कालवत होते? सरस्वतीबाई. उन्हात पांढरी चादर धरून उजेड कोण पाडत होते, आणि दिवस संपल्यावर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक कोण करत होते? त्याही सरस्वतीबाईच. फाळक्यांच्या नावाने १९६९ पासून देशातला सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जातो. सरस्वतीबाईंचे नाव किती जणांना सांगता येईल? तरी फाळके त्यांच्या शेजारी उभे होते, त्यांच्या हाताला लागलेली रसायने त्यांना दिसत होती. तुझे हात तुला दिसतसुद्धा नाहीत.

एवढ्यात खालून बहिणीने हाक मारली, "जेवायला या रे, पोळ्या गार होतात." मी भाच्याकडे पाहिले. तो हसला, पण जरा ओशाळून.

जेवणानंतर जे कळले त्याने मात्र मला खरेच राग आला. महिन्याभरापूर्वी एका छोट्या गावातल्या वयस्क दंतवैद्यांनी दवाखाना बंद करायचे ठरवले. वर्षाचे पैसे त्यांनी आगाऊ भरले होते. त्यांनी कंपनीला विचारले, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील का? तक्रारींना उत्तरे देणाऱ्या एजंटने गोड भाषेत कळवले, जरूर मिळतील, पंधरा दिवसांत खात्यात जमा होतील. असा नियम कंपनीत नव्हताच. एजंटने तो आपल्या मनाने तयार केला. पैसे आले नाहीत तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा लिहिले, आणि भाच्याने उत्तर धाडले की ती स्वयंचलित यंत्रणेची चूक होती, कंपनी त्याला बांधील नाही.

"मी थोडेच सांगितले मामा? एजंटने सांगितले."

हे वाक्य मी पूर्वी ऐकले आहे. गोव्यातल्या माझ्या वयाच्या प्रत्येकाने ऐकले आहे. भाटकार पणजीला नाहीतर मडगावला राहायचा, भाट सांभाळायला मुकादम ठेवायचा. मुंडकाराने मुकादमाला विचारावे, पावसाआधी मागची भिंत बांधून घेऊ का? मुकादमाने म्हणावे, बांध. भिंत उभी राहिली की भाटकाराने यावे आणि म्हणावे, मी कुठे सांगितले? मुकादमाने सांगितले असेल! पाडलेले नारळ मात्र मुकादमाने मोजले तरी जायचे भाटकाराच्याच कोठारात. फायद्याच्या वेळी मुकादमाचा हात हा भाटकाराचा हात, आणि शब्द पाळायची वेळ आली की मुकादम परका. आमच्या बापजाद्यांनी ही लबाडी पिढ्यानपिढ्या सोसली. आता तीच माझा भाचा संगणकावर करू पाहत होता आणि तिला नवे तंत्रज्ञान म्हणत होता.

असला बचाव कायद्यापुढे टिकत नाही हेही त्याला सांगितले. कॅनडात एका माणसाची आजी वारली. शोकप्रसंगीच्या सवलतीचे तिकीट मागाहूनही मिळते असे एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने त्याला सांगितले. कंपनीने नंतर हात वर केले. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेले तेव्हा चॅटबॉट ही आपल्या कृतीला स्वतंत्रपणे जबाबदार असलेली गोष्ट आहे, असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो झिडकारला आणि भरपाई द्यायला लावली. संकेतस्थळ तुमचे, त्यावर बोलणारे यंत्र तुमचे, तर शब्दही तुमचाच. आपल्याकडचा करार कायदा तर १८७२ चा. मुखत्याराने दिलेल्या अधिकारात राहून केलेला करार मालकाला बांधतो, हे त्यात तेव्हापासून लिहिले आहे. आणि तो मुखत्यार निदान माणूस असायचा, त्याला कोर्टात खेचता यायचे. प्रोग्रामला कायद्यात व्यक्ती म्हणून स्थानच नाही. म्हणजे त्याच्या मागे लपायला मुकादमाएवढासुद्धा आडोसा नाही.

जुलै २०२५ मध्ये 'रेप्लिट'च्या एजंटने असाच घोळ घातला. जेसन लेमकिन हे उद्योजक तो वापरून पाहत होते. कशालाही हात लावू नकोस अशी स्पष्ट सूचना असताना एजंटने त्यांचा चालू डेटाबेस पुसून टाकला. विचारल्यावर त्याने आपली भयंकर चूक झाली अशी छान कबुलीही लिहून दिली. तिची किंमत काय? शून्य. त्याला लाज नाही, अब्रू नाही, उद्याची झोप उडायची भीती नाही. माफी शेवटी त्या कंपनीच्या प्रमुखालाच मागावी लागली. अकरा एजंट ठेवा नाहीतर अकरा हजार, माफी मागायला माणूस एकच उरतो. 'एकटा' हा शब्द कुठे खरा असेल तर तो इथे आहे, आणि नेमका इथेच सोलो फाउंडर म्हणतो, मी नव्हतो!

भाच्याला आपण भाटकार वाटतो, हा त्याचा आणखी एक भ्रम. हे एजंट त्याच्या मालकीचे नाहीत. अमेरिकेतल्या एका कंपनीकडून ते भाड्याने घेतलेले आहेत, वापरलेल्या शब्दांच्या तुकड्यांच्या हिशेबाने दरमहा पैसे मोजून. उद्या त्या कंपनीने दर तिप्पट केले, खाते बंद केले किंवा दंतवैद्यांचे सॉफ्टवेअर आपणच विकायचे ठरवले तर हा काय करणार? घर याचे, पण जमीन दुसऱ्याची. गोव्यात याला मुंडकार म्हणतात. आमच्या मुंडकाराला निदान १९७५ च्या कायद्याने संरक्षण तरी दिले, उठवून लावता येणार नाही असे लिहून दिले. या नव्या मुंडकाराच्या हाती काय आहे? न वाचता 'मान्य' म्हणून टिचकी मारलेला करार!

आणि एक गोष्ट. दोन वर्षांपूर्वी भाच्याकडे दोन मुले कामाला होती. नुकतीच शिकून बाहेर पडलेली, जरा धांदरट, पण शिकत होती. एजंट आले आणि ती गेली. "त्यांना शिकवण्यात जितका वेळ जायचा तितक्यात काम होऊन जाते," भाचा म्हणाला. हिशेब बरोबर आहे. पण हाच हिशेब बडोद्यात पूर्वी कोणी केला असता तर? कलाभवन उभारणारे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर आणि त्यांच्या तालमीतले कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ साली अलेम्बिक काढली. मास्तर आणि त्याचे विद्यार्थी, असा तो कारखाना. गज्जरांना सगळे काम एकट्याने उरकणारे यंत्र मिळाले असते तर ती कंपनी त्यांच्याबरोबरच संपली असती. एजंट कामे उरकून देतील. पण भाच्याच्या हातात आज जी जाण आहे ती त्याने कोणा वरिष्ठाच्या शिव्या खाऊन मिळवली. त्याच्यामागून येणाऱ्याने शिव्या खायच्या कुठे?

गंमत पाहा, आपल्या सरकारी कायद्याला हे सगळे आधीच कळलेले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात 'एक व्यक्ती कंपनी' असा प्रकार आहे. भागधारक एकच. २०२१ च्या एप्रिलपासून त्यावरची भांडवलाची आणि उलाढालीची मर्यादाही उठली. भाच्याची कंपनी याच प्रकारातली. पण ती नोंदवताना दुसऱ्या एका व्यक्तीचे नाव द्यावेच लागते, तिच्या लेखी संमतीसह. हा माणूस मेला किंवा करार करण्यास असमर्थ झाला तर कंपनी तिच्याकडे जावी म्हणून. ती व्यक्ती हाडामांसाची हवी, भारतीय नागरिक हवी. अकरा एजंटांपैकी एकही चालत नाही. एकट्याच्या कंपनीच्या दारातच कायदा विचारतो, तुझ्यामागे कोण आहे?

मी भाच्याला विचारले, "तू कोणाचे नाव दिलेस?"

"आईचे."

"आणि तिला कंपनी काय करते ते ठाऊक आहे?"

तो गप्प बसला. जिने सही केली ती खाली भांडी आवरत होती.

तर माझे म्हणणे एवढेच. आपल्या मुलांनी असे उद्योग जरूर काढावेत. म्हापशात काढावेत, फोंड्यात काढावेत, एजंट वापरावेत, श्रीमंत व्हावे. पण ज्याला नफा एकट्याचा हवा त्याने शब्दही एकट्याचा मानावा. एजंट जे बोलला ते मी बोललो, हे पाळता येत नसेल तर एजंटला बोलू देऊ नये. एक तरी शिकाऊ पोर शेजारच्या खुर्चीवर बसवावे. आणि 'मी एकट्याने' असे म्हणायच्या आधी घरातले, गावातले आणि त्या यंत्राच्या पोटातले हात एकदा मोजून पाहावेत.

गोव्याला परतल्यावर आठवड्याभरात भाच्याचा फोन आला. "मामा, त्या डॉक्टरांचे पैसे परत केले. सगळे. माफीचे पत्रही पाठवले, तुम्हाला धाडतो, वाचा."

पत्र आले. भाषा नितळ होती, एकही चूक नव्हती, खेद तीन वेळा व्यक्त केला होता. मी फोन करून विचारले, "हे तू लिहिलेस?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "नाही मामा. एजंटने."

"मग आता डॉक्टरांना फोन कर," मी म्हटले, "आणि स्वतःच्या तोंडाने बोल."